५० मीटरवर गट जमू लागला. ३०० मीटरची तयारी खान्देशात राहून कशी करावी?

लळिंगचा_नेम (धुळे)
नमस्कार मंडळी. मी पॉइंट टू-टू (.२२, लहान गोळीच्या) रायफलने ५० मीटरवर पडून नेमबाजी करतो. गट, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, आता बऱ्यापैकी जमू लागला आहे आणि ३०० मीटरच्या मोठ्या बोअरच्या, म्हणजे जोरदार काडतुसाच्या, रायफलकडे वळण्याची इच्छा मनात घर करून बसली आहे. अडचण अशी, की एवढ्या लांबीची रेंज माझ्या हाताशी नाही आणि दर आठवड्याला पुण्या-मुंबईला जाणे नोकरी सांभाळून शक्य नाही. माझे मत असे आहे, की अंतर वाढल्याने तंत्र बदलत नाही, फक्त तंत्रातला दोष मोठा होऊन लक्ष्यावर दिसतो. हे खरे असेल, तर तो दोष ५० मीटरवरच शोधून काढता आला पाहिजे. जाणकारांनी सांगावे, की आधी काय शिकावे. आणखी एक विचारतो. हा एकट्याने खेळायचा खेळ आहे असे लोक म्हणतात. तुमच्या शिकण्यात सोबत्यांचा वाटा किती होता?

गणिताची_वही (जळगाव)
तुमचे मत आकड्यांवर तपासून पाहू. ५० मीटरच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचे मधले वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ३०० मीटरच्या लक्ष्यपत्रावर ते १०० मिलिमीटरचे असते. अंतर सहापट झाले म्हणून १०.४ ला सहाने गुणले, तर ६२.४ येतात. म्हणजे कोनाच्या हिशेबाने ५० मीटरचा दहा हा ३०० मीटरच्या दहापेक्षा लहान ठरतो. रायफल स्थिर धरण्याची परीक्षा तुम्ही आधीपासूनच अवघड बाजूने देत आहात.

मुक्काम_भुसावळ
वहीसाहेब, त्यात गोळीची जाडी धरावी लागेल, कारण गोळीच्या छिद्राची कड वर्तुळाला शिवली तरी तो गुण मिळतो. टू-टूची गोळी ५.६ मिलिमीटरची, त्यामुळे दहाची खरी जागा १६ मिलिमीटर होते आणि तिची सहापट ९६. तिकडे ३०० मीटरवर बरेच नेमबाज ६ मिलिमीटरची गोळी वापरतात, म्हणजे १०६. फरक उरतो, पण थोडा. दोन्ही परीक्षा जवळजवळ सारख्याच कठीण आहेत, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

तंत्र बदलत नाही, हे मात्र मला पूर्ण मान्य नाही. मोठ्या बोअरच्या रायफलला धक्का असतो. टू-टूमध्ये दस्ता खांद्यावर दोन बोटे इकडे-तिकडे बसला तरी पुष्कळदा निभावते. मोठ्या रायफलमध्ये शरीर नळीच्या रेषेमागे सरळ नसेल, तर धक्का दर वेळी वेगळ्या दिशेला जातो आणि गट आडवा पसरतो.

सुभेदार_नाना (पारोळा)
धक्क्याबद्दल भुसावळकर म्हणतात ते बरोबर आहे. परंतु त्याच्याही आधीची पायरी सांगतो, कारण फौजेत असताना मी कित्येक जवानांना याच पायरीवर अडलेले पाहिले आहे.

रायफल लक्ष्याकडे नेण्याचे काम स्नायूंनी करायचे नसते. पडून शिस्त घ्या, म्हणजे नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास सहज घ्या आणि सोडा, मग डोळे उघडून पाहा. शिस्त लक्ष्याच्या डावीकडे गेलेली दिसली, तर हाताने रायफल ओढून आणू नका. डावा कोपर जागेवर खिळवून ठेवा आणि कंबरेपासून खालचे सारे शरीर किंचित फिरवा. शिस्त वर किंवा खाली असेल, तर शरीर थोडे पुढे किंवा मागे घ्या. डोळे उघडल्यावर शिस्त आपोआप मध्यावर दिसेपर्यंत पहिली गोळी भरू नये. स्नायूंनी धरून ठेवलेली रायफल चाप सुटताक्षणी आपल्या मूळ जागेकडे निघते आणि गोळी नळीत असतानाच नेम ढळतो.

दुसरे, श्वास. अर्धा श्वास जबरदस्तीने कोंडायचा नाही. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्यापूर्वी शरीर आपणहून थांबते. तो विसावा थोडा लांबवायचा आणि त्यातच चाप दाबायचा. सहा ते आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर चापावरून बोट काढून पुन्हा श्वास घ्यावा. त्यानंतर डोळ्यांना दिसते ते चित्र विश्वासाचे नसते, आणि ते स्पष्ट असल्याचा भास तेवढा होत राहतो.

तिसरे, गोळी सुटल्यावरही चाप मागे धरून ठेवून शिस्त पाहत राहणे. टू-टूची गोळी मंद असल्यामुळे नळीतून बाहेर पडायला ती मोठ्या रायफलच्या गोळीपेक्षा जास्त वेळ घेते. या बाबतीत लहान रायफल अधिक कडक शिक्षक आहे.

नवशिका_अमळनेर
नाना, सराव करताना जुने नेमबाज गोळी सुटल्याबरोबर 'नऊ, तीन वाजता' असे काहीतरी म्हणतात आणि मगच दुर्बिणीला डोळा लावतात. ते कशासाठी?

सातपुडा_कन्या (नंदुरबार)
याचे उत्तर मी देते, कारण आमच्या महाविद्यालयातील एनसीसीच्या मुलींना मी सर्वांत आधी तेच शिकवते. चाप सुटला त्या क्षणी शिस्त कुठे होती, ते लक्ष्य न पाहता बोलून दाखवायचे; 'तीन वाजता' म्हणजे घड्याळात तीनचा आकडा असतो त्या बाजूला, उजवीकडे. मग दुर्बिणीतून पाहायचे. बोललेले आणि दिसलेले जुळले, तर दोष धरण्यात किंवा चापात आहे. तुम्ही मध्य म्हणालात आणि गोळी उजवीकडे दिसली, तर कारण वाऱ्यात, काडतुसात किंवा साईटच्या (नेम धरण्याच्या साधनाच्या) मांडणीत शोधावे लागते. हे बोलणे प्रामाणिक नसेल, तर वहीत लिहिलेल्या साऱ्या नोंदी निरुपयोगी होतात. माझ्या मते ५० मीटरवर शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे आणि तिला ३०० मीटरची रेंज लागत नाही.

आमच्याकडच्या बऱ्याच मुली भिल्ल आणि पावरा घरांतून येतात आणि काहींनी घरी तीरकामठा हाताळलेला असतो. बाण सुटल्यावर कामठ्याचा हात लगेच खाली सोडायचा नाही, हे त्यांना ठाऊक असते. नानांनी सांगितलेली तिसरी गोष्ट त्यांना वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

शेवरीकाठ (रावेर)
आतापर्यंत सर्वांनी शरीराबद्दल सांगितले. मी वाऱ्याबद्दल सांगतो. मी केळीचा शेतकरी आहे. बागेच्या कडेने आम्ही शेवरी लावतो, कारण वाऱ्याने केळीचे पान फाटते आणि घड धरलेले झाड आडवे होते. शेवरीच्या आडोशाला वारा मंदावतो, हे कोणीही सांगेल. पण तो तिथे सरळ राहत नाही, वरून उतरतो, वळतो, आणि कधी उलट्या दिशेनेही येतो. साधारण कुंपणाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत हा आडोसा जाणवतो. रेंजच्या बाजूच्या भिंती आणि मातीचे बांध हेच करतात. फायरिंग पॉइंटवर तुम्हाला वाटते की हवा स्तब्ध आहे, आणि मधल्या पट्ट्यात आडवा वारा वाहत असतो. म्हणून तुमच्याजवळचा एकच झेंडा पाहून भागत नाही. ५० मीटरमध्येही निदान दोन-तीन ठिकाणी हलक्या कापडाच्या पट्ट्या लावाव्यात आणि त्या एकमेकींशी कधी जुळतात, कधी भांडतात, ते पाहावे. पट्ट्या भांडत असताना चाप दाबू नये.

लळिंगकर, तुम्हाला तर साक्री तालुका जवळ आहे. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी राहिलेली नाही. वारा शिकायला खान्देशासारखी जागा शोधून सापडणार नाही.

गणिताची_वही (जळगाव)
शेवरीकाठ यांच्या म्हणण्याला हिशेबाची जोड देतो. गोळी हवेत असते तेवढा सगळा वेळ वारा तिला ढकलत नेतो, असा समज आहे. प्रत्यक्षात हिशेब निराळा आहे. हवेचा अडथळा नसता तर गोळीला जेवढा वेळ लागला असता, त्यापेक्षा तिला किती जास्त वेळ लागला, तेवढ्याच वेळेला वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणायचे. स्पर्धेची टू-टू गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटरने निघते आणि ५० मीटरपर्यंत तिचा उशीर सुमारे ६ सहस्रांश सेकंद होतो. म्हणजे सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा तिला सुमारे ६ मिलिमीटर सरकवतो. लक्ष्यपत्रावर शेजारच्या दोन वर्तुळांतले अंतर ८ मिलिमीटर असते.

आता ३०० मीटर घ्या. सेकंदाला साधारण ८५० मीटरने निघणारी लांब, निमुळती ६ मिलिमीटरची गोळी तेवढ्याच वाऱ्याने अंदाजे ४ सेंटीमीटर सरकते आणि तिथे वर्तुळांतले अंतर ५ सेंटीमीटर असते. दोन्हीकडे पाऊण वर्तुळाच्या आसपासच नुकसान होते. लळिंगकरांना हवी असलेली वाऱ्याची शाळा त्यांच्या ५० मीटरच्या रेंजवरच भरते.

वारा तिरका असेल, तर त्याचा आडवा भाग तेवढा धरायचा. लक्ष्य बारा वाजता मानले, तर तीन किंवा नऊ वाजताचा वारा पूर्ण, एक किंवा अकरा वाजताचा निम्मा. ४५ अंशांचा वारा मात्र निम्मा नसून पूर्ण वाऱ्याच्या सात दशांश असतो.

मुक्काम_भुसावळ
एक शंका. लक्ष्याजवळ पोचेपर्यंत गोळी मंदावलेली असते, मग लक्ष्याजवळचा वारा तिला अधिक फिरवत नाही का? मी तर नेहमी लक्ष्याजवळचाच झेंडा पाहतो.

सुभेदार_नाना (पारोळा)
नाही, भाऊ. सुरुवातीला गोळीची दिशा थोडी जरी कलली, तरी तो कल उरलेल्या सगळ्या अंतरभर वाढत जातो. शेवटच्या टप्प्यात कलली, तर वाढायला अंतरच उरत नाही. म्हणून जवळच्या निम्म्या अंतरातल्या वाऱ्याला आधी मान द्यावा. फार लांबच्या अंतरावर गोष्ट थोडी वेगळी होते, कारण मधल्या भागात गोळी उंचावरून जाते आणि उंचीवरचा वारा जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा जोरात असतो. तिथे मधल्या पट्ट्याचे वजन वाढते. ३०० मीटरवर जवळचा झेंडा सोडून चालत नाही.

शेवरीकाठ (रावेर)
नानांशी सहमत. तरीही लक्ष्याकडे पाहण्याला एक कारण आहे, ते म्हणजे झळा. मार्चनंतर आपल्या काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या झळा स्पॉटिंग स्कोपमधून स्पष्ट दिसतात. दुर्बीण लक्ष्याच्या थोडी अलीकडे फोकस करावी. झळा उजवीकडून डावीकडे वाहताना दिसल्या, तर वारा त्याच दिशेने आहे. त्या सरळ वर उकळताना दिसल्या, तर वारा थांबला आहे किंवा तुमच्या समोरून वा पाठीमागून येत आहे, आणि बहुधा तो दिशा बदलण्याच्या बेतात आहे. अशा वेळी थांबणे उत्तम. वारा जोराचा झाला की झळा आडव्या चपट्या होतात आणि त्यांवरून वेग ओळखता येत नाही. मग झेंड्यांकडे आणि शेतातल्या पिकाकडे वळावे.

सातपुडा_कन्या (नंदुरबार)
झळांचा आणखी एक परिणाम नोंदवते. त्यांच्यामुळे लक्ष्याची प्रतिमाच जागेवरून हललेली दिसते आणि आपण नसलेल्या जागी नेम धरतो. शिवाय बऱ्याच गोळ्या झाडल्यावर नळीच तापते आणि तिच्यावरून उठणारी हवा साईटच्या रेषेत येते. त्यासाठी नळीवर लांबट पट्टी ताणून लावतात.

वरणगाव_फाटा
माझे बरेचसे आयुष्य लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या सहवासात गेले. वरणगावच्या आयुध निर्माणीत काय तयार होते, हे या भागातल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणून काडतुसाची बाजू मांडतो. एकाच लॉटमधल्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, दोन काडतुसांच्या वेगात थोडा फरक राहतोच. टू-टूमध्ये वेग सेकंदाला १० मीटरने कमी झाला, तर ५० मीटरवर गोळी ७ ते ८ मिलिमीटर खाली लागते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण वर्तुळ. तुमचा गट उभा पसरत असेल, तर श्वासाला दोष देण्यापूर्वी लॉट बदलून पाहा. आपल्या नळीला मानवणारा लॉट सापडला, की परवान्याच्या मर्यादेत जमेल तेवढा त्याचाच साठा ठेवावा.

आपल्याकडच्या उन्हाचा विचार तर करावाच लागेल. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ ते दहा टक्के विरळ असते, त्यामुळे अडथळा कमी होतो. काडतुसातली दारू तापली की तिचा दाबही वाढतो आणि गोळी वेगाने निघते. काडतुसांची डबी उन्हात उघडी ठेवून पहिल्या आणि शेवटच्या गोळीची तुलना करण्यात अर्थ नाही. डबी सावलीत ठेवावी, काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकात) भरून वाट पाहत बसू नये, आणि तापमान दर वेळी वहीत लिहावे. जानेवारीत घेतलेला झिरो (गोळी मध्यावर लागेल अशी साईटची मांडणी) मे महिन्यात जसाच्या तसा चालत नाही.

नवशिका_अमळनेर
इतके सगळे वाचून आनंद झाला, पण थोडी भीतीही वाटली. आपल्या भागातून या खेळात कोणी पुढे जाऊ शकेल का? सगळी नावे कोल्हापूरचीच ऐकू येतात.

सातपुडा_कन्या (नंदुरबार)
कोल्हापूरचे उदाहरण भीतीचे नाही, उमेदीचे आहे. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये (पडून नेमबाजीत) तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने) ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले आणि या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. ते लहान गाव आहे आणि आपल्याकडे तशी गावे शेकड्यांनी आहेत. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर हेही मराठी माणूसच होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर आजही त्यांच्या नावाची स्पर्धा लागते. आपल्या मुलांना त्या स्पर्धेपर्यंत नेणारी माणसे हवीत, आणि ती या धाग्यावर मला दिसत आहेत.

सुभेदार_नाना (पारोळा)
ताई योग्य बोलल्या. सोबतीबद्दल मूळ प्रश्नात विचारले आहे, ते अजून कोणी धरले नाही, म्हणून लिहितो.

फौजेच्या लांब रेंजवर एक तुकडी गोळ्या झाडते तेव्हा दुसरी तुकडी बटमध्ये, मातीच्या बांधामागे असते. डोक्यावरून गोळ्या जात असतात आणि ही माणसे टार्गेट खाली घेतात, छिद्रे पाहतात, लईने कागदाचे तुकडे चिकटवतात आणि टार्गेट पुन्हा वर करतात. मग अदलाबदल होते. दुसऱ्याच्या गोळीचे छिद्र स्वतःच्या हाताने बुजवताना माणूस त्याचा गट वाचायला शिकतो, आणि आपला गटही कोणीतरी असाच वाचत आहे, याची त्याला जाणीव राहते. मार्करने गुण खोटा दाखवला, तर फायरर चुकीची दुरुस्ती करत जाईल. म्हणून बटमधल्या माणसाचा प्रामाणिकपणा फायरिंग पॉइंटवरच्या माणसाच्या कामी येतो. आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट आले आणि ते काम यंत्र करते, ते चांगलेच आहे. परंतु वारा पाहायला शेजारी माणूस लागतोच. डोळा साईटमध्ये असताना झेंड्यांचा पूर्ण पट्टा दिसत नाही.

मुक्काम_भुसावळ
अधिकृत स्पर्धेत तर शेजारच्याला वारा सांगता येत नाही, नाना. तिथे प्रत्येकाने स्वतःच पाहायचे असते.

सुभेदार_नाना (पारोळा)
बरोबर, आणि म्हणूनच सरावात जोडीने बसावे. एकाने फक्त वारा पाहून मोठ्याने सांगायचे, 'आता डावीकडून, मंद' किंवा 'थांब', आणि दुसऱ्याने फक्त झाडायचे. मग जागा बदलायच्या. काही आठवड्यांनी सांगणारा गप्प बसतो आणि झाडणारा स्वतः म्हणतो. तो म्हणेल ते आणि सोबत्याने मनात धरलेले जुळू लागले, की माणूस स्पर्धेला तयार झाला असे मी समजतो.

लळिंगचा_नेम (धुळे)
सर्वांचे मनापासून आभार. मला जे विचारायचे होते त्याचे उत्तर मिळाले. या हंगामात मोठ्या रायफलचा विचार बाजूला ठेवतो. गोळी सुटल्याबरोबर बोलून दाखवणे, तापमान आणि वाऱ्याच्या नोंदी, आणि जोडीने वारा वाचणे, एवढेच ५० मीटरवर करणार आहे. धुळ्यात किंवा जवळपास कोणी जोडीला येऊ शकत असेल, तर कृपया निरोप पाठवा. उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेआठ हीच वेळ ठेवू. त्यानंतर जाड जॅकेट घालून पडून राहणे प्रकृतीला मानवत नाही आणि घामाने भुवई भिजली की पीपमधून, म्हणजे साईटच्या भोकातून, दिसणारे चित्रही पुसट होते.

नवशिका_अमळनेर
मी येतो. माझ्याकडे अजून स्वतःची रायफल नाही, पण झेंडे लावीन आणि वारा सांगायला शिकेन. क्लबच्या रायफलवर शिकता येईल का?

लळिंगचा_नेम (धुळे)
अवश्य या. क्लबच्या रायफलवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शिकता येते आणि सुरुवात तशीच झालेली बरी. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल: रेंजवर कोणी पुढे गेलेले असताना कोणाचाही हात रायफलला लागता कामा नये, बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उघडा आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामे असल्याची खूण.

शेवरीकाठ (रावेर)
मीही महिन्यातून एखादा रविवार धुळ्याला येऊ शकतो. कापडाच्या पट्ट्या आणि बांबूच्या काठ्या माझ्याकडे आहेत. रावेरहून माझी रायफल आणताना रेल्वेने यावे की गाडीने, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

वरणगाव_फाटा
स्वतःची गाडी असेल, तर तेच सोपे. कसेही आलात, तरी परवान्याची मूळ प्रत आणि क्लबचे पत्र सोबत असू द्या, बोल्ट काढून ठेवा, रायफल कुलपाच्या पेटीत आणि काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डबीत ठेवा. परवान्यावर प्रवासाचे क्षेत्र काय लिहिले आहे, तेही निघण्यापूर्वी वाचून घ्या. मी त्या रविवारी भुसावळहून येणार आहे. फैजपूर फाट्यावर थांबलात, तर एकाच गाडीतून जाऊ.